उपाशी प्लेटा

उन्हाळा लागला की आमच्या प्रयोगशाळेत कॉलेजची पोरं येतात. सुट्टीपुरती पाहुणी. येताना नवाकोरा पांढरा कोट, खिशाला पेन, आणि चेहऱ्यावर असा भाव की आता जगाचं भलं केल्याशिवाय घरी परतायचं नाही. पहिले काही दिवस कोट घालून एकमेकांचे फोटो काढतात. मग कुणीतरी काहीतरी महागाचं फोडतं. मग हळूहळू कळतं की संशोधन म्हणजे बराचसा वेळ भांडी घासायची आणि उरलेला वेळ वाट बघायची. तेव्हा तोंडं उतरतात. मी तिथली पेशीखोली सांभाळते. माझं डोकं गरम, जीभ त्याहून गरम. पोरं माघारी मला सासूबाई म्हणतात आणि त्यांना वाटतं मला पत्ता नाही. तोंडावर मावशी. मला दोन्ही चालतं, खोली स्वच्छ राहिली म्हणजे झालं.

त्या वर्षीच्या घोळक्यात ती होती. अंगाने बारकी, केस घट्ट बांधलेले, आवाज असा की कान द्यावा लागायचा. चालणं सावकाश, बोलणं सावकाश, आणि डबा तर इतका सावकाश खायची की बाकीचे हात धुऊन, गप्पा मारून परत आले तरी हिचं अर्धं जेवण डब्यातच. मी दुसऱ्याच दिवशी तिला गोगलगाय म्हणायला लागले. मनातल्या मनात नाही, तोंडावर. ती हसली आणि म्हणाली, "घरी पण असंच म्हणतात, मावशी."

आता पेशीखोलीत काय चालतं ते सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमच्याकडे आजारी माणसांच्या स्नायूचा तिळाएवढा तुकडा येतो. त्यातल्या पेशी आम्ही प्लॅस्टिकच्या चपट्या प्लेटांमध्ये वाढवतो. पेशी प्लेटच्या तळाला चिकटून बसतात आणि त्यांच्या अंगावर गुलाबी पाणी असतं. ते त्यांचं जेवण. ते कोमट लागतं, शिळं झालं की बदलावं लागतं, आणि ओतायचं ते कडेकडेने, हळूहळू. धार थेट अंगावर पडली की पेशी पापुद्र्यासारख्या सुटून तरंगायला लागतात आणि मग संपलंच सगळं. नवी पोरं नळ सोडल्यासारखी ओततात. त्या वर्षीही ओतली. मी एकेकाची यथेच्छ शोभा केली.

मग हिची पाळी आली. हिने बाटली गरम पाण्यातून काढली, पुसली, आणि हातमोजा जरा खाली सारून मनगटाला लावून बघितली. मी ओरडले, "अगं बाई, इथे थर्मामीटर टांगलाय तो काय शोभेला? मोजे बदल आधी!" तिने मुकाट्याने मोजे बदलले, प्लेट किंचित कलती केली आणि कडेने असं काही पाणी सोडलं की तळाची एक पेशी हलली नाही. मी प्लेट मायक्रोस्कोपखाली ठेवून बघितली. माझ्या इतक्या वर्षांत असा हात मी फार थोड्यांचा बघितलाय.

"कुठे शिकलीस हे?"

"घरी."

"घरी काय पेशी पाळल्यात?"

"आईला भरवते," ती म्हणाली.

तेव्हा मला थोडं थोडं कळलं. तिच्या आईला स्नायूंचा आजार होता. आधी जिना चढवेना, मग हात डोक्याच्या वर जाईना, मग गिळता येईना. पाठोपाठ बोलणंही गेलं. पोटाला नळी बसवलेली आणि त्या नळीतून मोठ्या सिरिंजने पातळ जेवण द्यायचं, कोमट, हळू, नाहीतर उलटून छातीत जातं. वडील लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर दिवसभर बाहेर. म्हणजे सकाळ-संध्याकाळ हीच, दुपारी शेजारीण. मी आजाराचं नाव विचारलं. तिने सांगितलं. आमच्या थंड टाकीत ज्या पेशी गोठवून ठेवल्या होत्या, त्यांच्या कुप्यांवर तेच नाव होतं.

"म्हणून ही प्रयोगशाळा निवडलीस होय?"

"हो."

"आणि या सुट्टीत औषध शोधून घरी जाणार?"

मी आपली खवचटपणे बोलून गेले. ती मात्र सरळ माझ्याकडे बघून म्हणाली, "सुट्टीत नाही होणार, मावशी. वेळ लागेल. तोपर्यंत मी आईला टिकवीन."

मी म्हटलं, "बाटलीचं झाकण लाव आधी," आणि दुसरीकडे गेले. पण त्या दिवसापासून मला ठाऊक होतं की ही पोर इथे कशासाठी येते. तिला आईला जिवंत ठेवायचं होतं, बस. बाकी सर्टिफिकेट, शिफारस, पुढचं शिक्षण, ज्याच्यासाठी इतर पोरं झुरत होती, त्यातलं तिला काही नको होतं.

तिला ज्याच्या हाताखाली दिलं तो आमचा लंबू. डॉक्टरेट करणारा मुलगा, इतका उंच की स्टुलावर बसला की गुडघे टेबलाला लागायचे. वर्षानुवर्षं एकाच प्रश्नाला चिकटून राहिलेला. त्याच्या बरोबरीचे पदव्या घेऊन, लग्नं करून, पोरांना शाळेत घालून मोकळे झाले, हा आपला अजून प्लेटाच मोजतोय. त्याच्याकडे एक पांढरी पावडर होती. तिला नावही नव्हतं, नुसता आकडा. त्याचं म्हणणं, आजारी पेशी निरोगी पेशींपेक्षा भुकेने लवकर मरतात, आणि या पावडरीने त्या तग धरतील. धरल्या तर पुढे जायला वाट आहे, नाही धरल्या तर त्याची सगळी वर्षं पाण्यात. पोरगा भला होता. गोगलगाईला तो काहीही न लपवता शिकवायचा आणि ती त्याला दादा म्हणायची.

मग एक दिवस ती आलीच नाही. फोन बंद. तिच्या प्लेटांचं पाणी बदलायचं राहिलेलं. माझं डोकं फिरलं. मी पाणी बदललं, आणि संध्याकाळी सुटल्यावर तिचा पत्ता काढून थेट घरी गेले, चांगली खरडपट्टी काढायची म्हणून. इमारत जुनी होती, पण लिफ्ट अशी चालत होती की आमच्या प्रयोगशाळेच्या लिफ्टने लाजावं. वर एकच मोठी खोली. खिडकीशी लोखंडी कठड्याचा पलंग. ओट्यावर पातळ जेवणाचे डबे ओळीने, आणि धुतलेल्या सिरिंज स्वच्छ फडक्यावर उपड्या घातलेल्या. मी कुणाच्या घरी जाऊन स्वच्छतेला नाव ठेवलं नाही असं क्वचित होतं. तिथे ठेवायला जागाच नव्हती.

आई पलंगावर होती. बाकी काही उरलं नव्हतं, डोळे तेवढे जिवंत. मला बघून त्या डोळ्यांनी या म्हटलं, आणि माझी खरडपट्टी घशातच राहिली. आदल्या दिवशी जेवण उलटून छातीत गेलं होतं, ताप चढला होता. डॉक्टर येऊन गेले होते. पोर पलंगाशी बसून भरवत होती. सिरिंज उंच धरलेली, दट्ट्या न दाबता, नुसत्या वजनाने जेवण खाली उतरत होतं. तेवढ्यात आईने पलंगाच्या कठड्यावर बोट वाजवलं. टक टक. जरा थांबून पुन्हा टक टक.

"काय म्हणतेय ती?" मी विचारलं.

"काही नाही. सवय आहे तिला," पोर म्हणाली, आणि सिरिंज पुन्हा भरून घेतली.

मी निघाले तेव्हा वडील लिफ्टपर्यंत सोडायला आले. हाताच्या रेषांमध्ये ग्रीस मुरलेलं, माणूस अबोल. लिफ्टचं दार धरून उभे राहिले आणि खाली बघत म्हणाले, "ताई, एकदा वाजवलं म्हणजे हवं. दोनदा म्हणजे पुरे. पोरीनेच शिकवलंय तिला. आताशा ती दोनदाच वाजवते."

"डॉक्टर काय म्हणतात?"

"म्हणतात, शरीर घेत नाहीये, तुम्ही जबरदस्ती करू नका. तिलाच विचारा काय हवं ते. आता तिला विचारायचं काय, ती तर रोज सांगतेय." मग जरा वेळाने, "तुमचं ऐकते ती. तुम्ही बोलून बघा."

"माझं कोण ऐकतंय!" मी म्हटलं. "तुम्ही बाप आहात तिचे."

"माझ्याने नाही होत," ते म्हणाले. "पोरगी सिरिंज घेऊन बसली की माझं तोंड उघडत नाही."

मी घरी आले, पण त्या रात्री जेवण काही गेलं नाही.

पुढच्या आठवड्यात लंबूचा मोठा प्रयोग लागला. त्याच्याकडे त्या पेशींच्या दोनच कुप्या उरल्या होत्या. एक काढली, गोगलगाईच्या हातून वाढवली, आणि प्लेटा तयार झाल्या. सगळ्यांना उपाशी ठेवायचं. उपाशी पाणीही गुलाबीच दिसतं, फक्त त्यात खाण्यासारखं काही नसतं, नुसतं बघून कुणाला फरक कळायचा नाही. अर्ध्या प्लेटांमध्ये पावडर, अर्ध्यांमध्ये काहीच नाही. ज्यांना काहीच द्यायचं नाही त्या कंट्रोल. मी दरवर्षी पोरांना दरडावून सांगते, कंट्रोलची दया करायची नाही. त्या मरतात म्हणूनच आपल्याला कळतं की औषधाने दुसऱ्या जगल्या. सगळ्याच जगल्या तर औषधाने काय केलं हे कोण सांगणार? हिलाही सांगितलं. हिने मान डोलावली. शनिवार-रविवारी पाणी बदलायची पाळी तिची होती.

सोमवारी लंबूने मोजायला घेतलं. मोजलं, मान हलवली, पुन्हा मोजलं. दुपारी आमच्या मॅडम येऊन बसल्या, त्यांनीही मोजलं. प्रयोगशाळा त्यांची, शेवटचा शब्दही त्यांचाच. त्या वाईट बाई नाहीत, पण गोड बोलायला त्यांना वेळ नसतो.

"पावडर दिलेल्या जगल्यात, न दिलेल्याही तेवढ्याच जगल्यात," मॅडम म्हणाल्या. "फरक नाही. इथे थांबवू या. जेवढं झालंय तेवढं लिहून टाक."

लंबू स्टुलावर बसला, गुडघे टेबलाला टेकले, आणि प्लेटांकडे बघत राहिला. मला त्याच्याकडे बघवेना. मी धुण्याच्या खोलीत गेले, तर तिथे गोगलगाय एकच चंचुपात्र घासत उभी. घासतेय, विसळतेय, पुन्हा घासतेय.

"तळ जाईल त्याचा," मी म्हटलं. "काय झालं?"

तिने नळ बंद केला. "मावशी, मी त्यांना खायला घातलं."

"कुणाला?"

"कंट्रोलना. शनिवारी बघितलं तर आकसून गेल्या होत्या, टोकं आत वळलेली. आईची बोटं झालीत ना, तशी." तिचा आवाज आधीच लहान, आता अगदी तळाला गेलेला. "थोडंसंच घातलं. रविवारी पण. औषधवाल्यांना नाही घातलं. त्यांना निदान औषध तरी होतं. ह्यांना काहीच नव्हतं हो."

मी खरं सांगते, माझा हात उगारला गेला होता. मारला नाही, पण तोंडाने कसर भरून काढली. "अगं भवाने! डोकं कुठे गहाण ठेवलं होतंस? तिकडे तो पोरगा मान खाली घालून बसलाय! त्याची पावडर टाकून द्यायला निघालेत! तू कंट्रोल वाचवल्यास आणि औषधाला मारलंस, कळतंय का तुला? ज्या औषधासाठी तू इथे आलीस त्यालाच मारलंस!"

तिच्या डोळ्यांत पाणीसुद्धा नाही. त्यानेच मला आणखी चढलं, आणि जे बोलायचं नाही असं ठरवलं होतं तेही सुटलं. "आणि आई दोनदा बोट वाजवते तिचं काय? ती पुरे म्हणते, तरी तू भरवतेस. ह्या बिचाऱ्या काही म्हणत नाहीत, ह्यांनाही भरवतेस. कधी कुणाचं ऐकणार आहेस की नाही?"

तिने हातातलं चंचुपात्र बाजूला ठेवलं.

"मी थांबले तर ती जाईल," ती म्हणाली.

"हो," मी म्हटलं. "जाईल."

खोटं कशाला बोलू? पोरीला खोटं सांगणारे खूप असतील, मी त्यातली नाही. पण बोलून झाल्यावर मी बादली उपडी घालून तिच्यावर बसले. ती माझ्या शेजारी फरशीवर बसली. कुणीच कुणाची समजूत काढली नाही. काढण्यासारखं होतं काय त्यात?

मग ती उठली, हात पुसले आणि लंबूकडे गेली. गप्प राहिली असती तरी कुणाच्या बापाला कळलं नसतं. प्लेटा ब्लीचमध्ये बुडवून फेकल्या जाणार होत्या, लंबू लिहून मोकळा होणार होता, सुट्टी संपल्यावर ही घरी. मी दारातून बघत होते. तिने त्याला सांगितलं, काही न वगळता, काही न सावरता. लंबूचा चेहरा लाल झाला. तो उठला, बाहेर गेला, आणि त्याच्या बुटांचा आवाज जिन्यात वर गेला, खाली आला, पुन्हा वर गेला. मग तो परत आला आणि दाराच्या चौकटीला धरून म्हणाला, "फक्त कंट्रोलमध्ये घातलंस? नक्की?"

"फक्त कंट्रोलमध्ये."

"आणि माझ्या प्लेटा उपाशी राहूनसुद्धा त्या जेवलेल्यांच्या बरोबरीने जगल्या?" तो रडतोय की हसतोय ते मला कळेना. "अगं, मग फरक आहे! असू शकतो!"

मॅडमना सांगावं लागलंच. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "शेवटची कुपी काढायला माझी हरकत नाही. पण ती मुलगी पेशींना हात लावणार नाही."

"मॅडम, माझ्या हाताने अर्ध्या सुटून येतात," लंबू म्हणाला. "तिच्या हाताने एक सुटत नाही. आपल्याकडे एकच कुपी आहे. तिलाच करू द्या."

"आणि तिला पुन्हा दया आली तर?"

"तर मी आहे ना सासूबाई," मी म्हटलं.

मॅडमना काही कळलं नाही. मागे उभ्या असलेल्या पोरांच्या माना मात्र अशा खाली गेल्या की त्या संध्याकाळपर्यंत वर आल्या नाहीत.

पेशी वाढवायला वेळ लागतो. गोगलगाय रोज यायची, बाटली गरम करायची, थर्मामीटर बघायची, कडेने ओतायची. बोलणं आणखी कमी झालं होतं. एक दिवस बाटली तापायची वाट बघत आम्ही दोघी उभ्या होतो, तेव्हा तिने आपणहून सांगितलं.

"काल आईने दोनदा वाजवलं. मी सिरिंज खाली ठेवली. विचारलं, नक्की ना? तिने परत दोनदा वाजवलं. पुरे." ती पाण्यातल्या बाटलीकडे बघत बोलत होती. "मग मी विचारलं, मी इथेच बसू का तुझ्याजवळ?"

"मग?"

"एकदा वाजवलं."

मी तिच्या पाठीवर हात ठेवला. हातमोजा घातलेला, पण ठेवला.

त्यानंतर नर्सबाई घरी येऊ लागल्या. दुखू नये म्हणून औषध द्यायच्या. पोर ओल्या कापसाने आईचे ओठ पुसायची. आणि इकडे नेमकं त्याच आठवड्यात प्लेटा उपाशी ठेवायची वेळ आली. मला ते सोसेना. मी लंबूला बाजूला घेऊन म्हटलं, "अरे, हिच्या घरी काय चाललंय ते ठाऊक आहे ना तुला? पुढे ढकल, नाहीतर दुसऱ्या कुणाला दे." त्याने तिला विचारलंही. ती नाही म्हणाली.

"आईला विचारलं मी, जाऊ का प्रयोगाला," ती म्हणाली. "तिने एकदा वाजवलं. मी रोज घरी जाऊन सांगते तिला प्लेटांचं. तिला निकाल ऐकायचाय."

या वेळी शनिवारी मी स्वतः आले. माझी सुट्टी, पण आले. तिने इन्क्युबेटर उघडला, कंट्रोलची एक प्लेट काढली, मायक्रोस्कोपखाली ठेवली आणि बघत राहिली. टोकं वळायला लागली होती, मीही बघितलं. गरम पाण्यात दोन बाटल्या होत्या. एकीत जेवण होतं, दुसऱ्या पेशींसाठी, आणि एकीत नुसतं उपाशी पाणी. तिचा हात जेवणाच्या बाटलीपाशी थांबला. मग तिने दुसरी बाटली उचलली आणि कडेने, हळू, उपाशी पाणी ओतलं. इतक्या मायेने की मला वाटलं, बाई गं, यांना तरी कळत असेल का कोण ओततंय ते. माझे डोळे भरून आले. खोलीत कुणी रडायचं नाही हा नियम माझाच, म्हणून मी बाहेर जाऊन रडले.

सोमवारी सकाळी मी पोचले तर ती आधीच येऊन बसलेली. केस नेहमीसारखे घट्ट बांधलेले, कोट घातलेला, खुर्ची मायक्रोस्कोपला लावलेली. येताना खाली फाटकापाशी तिचे वडील गाडीत बसलेले दिसले होते. मी म्हटलं असतील, कामावर जाताना सोडायला आले असतील. लंबू तिच्या मागे उभा, दोन्ही हात डोक्यावर. ती एकेक प्लेट ठेवत होती, बघत होती, मोजत होती. घाई म्हणून नाही. लंबूच्या जिवाची नुसती तगमग.

शेवटी तिने डोळे वर केले. "कंट्रोल गेल्या," ती म्हणाली.

"गेल्या? सगळ्या?"

"सगळ्या."

"आणि पावडरवाल्या?"

"आहेत. सगळ्या नाहीत, पण पुष्कळ आहेत."

लंबूने अशी आरोळी ठोकली की बाजूच्या खोलीतली पोरं धावत आली. "गेल्या! अरे, कंट्रोल गेल्या!" तो मला धरून गोल फिरवायला लागला. माझ्या चपलेचा पट्टा तुटला. मी त्याला शिव्या देत होते आणि हसत होते. पोरं टाळ्या वाजवत होती. कुणीतरी मॅडमना बोलवायला पळालं.

"दादा," ती म्हणाली. आवाज नेहमीचाच, लहान. कुणाला ऐकू गेला नाही. मग तिने पुन्हा म्हटलं, "दादा, आई पण गेली. पहाटे."

लंबूचे हात माझ्या खांद्यांवर तसेच राहिले. टाळ्या एकेक करत थांबल्या.

"अगं, मग तू आज इथे कशाला आलीस?" मी म्हटलं. माझा आवाज माझ्याच कानाला ओरडल्यासारखा लागला.

"नातेवाईक दुपारी पोचतील. तोपर्यंत काही करायचं नव्हतं. बाबाच म्हणाले, जा, मोजून ये. तिला ऐकायचं होतं ना." ती जरा थांबली. "काल संध्याकाळी मी तिला सांगितलं होतं, उद्या कळेल म्हणून. तिने एकदा वाजवलं."

मग ती रडली. मायक्रोस्कोपच्या टेबलावर डोकं टेकून, आवाज न करता, पाठ हलत राहिली. मी तिला जवळ घेतलं. माझा नियम माझ्यापाशी. लंबू आमच्या शेजारी खाली फरशीवर बसला, लांब पाय कसेबसे दुमडून, आणि त्याला सुचलं ते तो करत राहिला, म्हणजे तिचा एक बूट सुटलेला होता त्याची नाडी बांधत राहिला.

काही वेळाने तिने तोंड पुसलं. टेबलावरच्या प्लेटांकडे बघितलं. कंट्रोलच्या एका बाजूला, पावडरच्या दुसऱ्या बाजूला. मोजून झालं की प्रयोग संपतो, सगळ्या प्लेटा ब्लीचमध्ये जातात. जगलेल्यासुद्धा. त्यांचा पुढे काही उपयोग नसतो, हे तिला ठाऊक होतं, मीच शिकवलं होतं.

"दादा, मोजायचं झालं ना सगळं?"

"झालं."

"मग ह्या जगल्यात त्यांना खायला घालू?"

लंबूने माझ्याकडे बघितलं. मी काही बोलले नाही. इन्क्युबेटरची जागा फुकट जाणार होती, महागाचं खाद्य फुकट जाणार होतं, आणि एरवी मी त्यावरून खोली डोक्यावर घेतली असती.

"घाल," तो म्हणाला.

मी जेवणाची बाटली काढून गरम पाण्यात ठेवली. बाटली तापेपर्यंत पोर उभी राहिली. मग तिने बाटली पुसली आणि हातमोजा जरा खाली सारून मनगटाला लावून बघितली. मी थर्मामीटरचं नाव काढलं नाही. तिने पहिली प्लेट उचलली, किंचित कलती केली, आणि कडेने हळूहळू ओतायला सुरुवात केली. खाली गाडीत वडील वाट बघत होते, पण तिने घाई केली नाही.